घरच्या स्टुडिओत घूंऽऽ आणि झर्रर्र: दोष अर्थिंगचा, केबलचा की आणखी कशाचा?

सुरपेटी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगची छोटीशी सोय केली आहे. गाण्याचे वर्ग घेते, मुलांना रियाजासाठी ट्रॅक करून देते. पण सध्या डोक्यात एकच काम आहे, माझ्या आत्याच्या ओव्या. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, गळा अजून स्वच्छ आहे आणि तिच्या ओव्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे आहे.

सामान असं: लॅपटॉप, दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, दोन पॉवर्ड स्पीकर, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा. स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या प्लगवर, बाकी सगळं टेबलाजवळच्या एक्स्टेन्शन बोर्डावर.

सगळं चालू केलं की एक सलग घूंऽऽ येतो आणि त्याला झर्रर्र अशी धार असते. तानपुरा पांढरी पाचला (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी) लावला तर खरज हेलकावे खातो, सेकंदाला साधारण दोन. इंटरफेसच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की आवाज उतरतो. अनवाणी असले तर बोटांना झिणझिण्या येतात. इथल्या एका दुकानदाराने सुचवलं, 'चार्जरची अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल.' काढू का?

अर्थिंगवाले_काका
ताई, पिन काढू नका. पुढचं सगळं नंतर बोलू, आधी हे.

वरची जाड पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. चार्जरमध्ये किंवा स्पीकरमध्ये कधी इन्सुलेशन फाटलं आणि फेज पत्र्याला टेकला, तर तो करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती पकडून वीज तोडणारा स्विच) पडतो. पिन नसेल तर तो पत्रा 230 व्होल्टवर तसाच उभा राहतो. माइकची जाळी गाणाऱ्याच्या ओठांना लागते हे विसरू नका, आणि इथे गाणारी व्यक्ती ऐंशीच्या पुढची आहे.

झिणझिण्या येतात याचा अर्थ मला तरी एकच दिसतो. त्या खोलीत अर्थ पोचतच नाही. मल्टिमीटर आहे का घरात?

पनवेलचा_गिटारी
मी गेली कित्येक वर्षं टू-पिन अडॅप्टर लावून वाजवतोय, काही झालेलं नाही. घरात थोडा धोका असतोच, पण आवाज खरंच जातो.

खरज
गिटारी, काही झालं नाही कारण आजवर तुमच्या अँपमध्ये बिघाड झाला नाही. लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक 1972 साली वेल्समधल्या स्वानसीच्या मंचावर विजेचा धक्का बसून गेला. हातात गिटार होती आणि अर्थ नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला. मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो. आमच्याकडे मंडपात जनरेटरवर काम असतं, तिथे हा नियम कुणासाठीही सैल होत नाही. आवाज घालवायचे रस्ते भरपूर आहेत. अर्थ तोडणं हा त्यातला रस्ता नाही.

सुरपेटीताई, तुमच्या हेलकाव्यांबद्दल सांगतो, कारण तुमच्या कानाने निम्मं निदान आधीच करून ठेवलंय. आपली वीज 50 हर्ट्झची. तिच्यातून येणाऱ्या घूंमध्ये 50 असतो, 100 असतो, पुढे 150, 200 असं वाढत जातं. पांढरी पाचच्या षड्जाचा खरज 98 हर्ट्झला लागतो. एकीकडे 98, दुसरीकडे 100, फरक दोनाचा. दोन स्वर जवळ आले की फरकाइतके ठोके पडतात, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. तानपुरा बिघडलेला नाही. वीज पांढरी पाचपेक्षा किंचित चढी गातेय. काळी चारला लावून बघा, खरज 104च्या जवळ जाईल आणि हेलकावे दुप्पट वेगाने, सेकंदाला साधारण चार पडतील.

सुरपेटी
हे वाचून लगेच तानपुरा काळी चारला लावून पाहिला. अगदी तसंच झालं! काका, यजमानांकडे मल्टिमीटर आहे. काय मोजू?

अर्थिंगवाले_काका
ते काम यजमानांनाच करू द्या. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, मीटर एसी व्होल्टच्या 600 किंवा 750च्या रेंजवर. मीटरच्या तारा व्होल्टच्याच भोकांत आहेत ना ते आधी बघा, अँपिअरच्या नकोत. मग त्या प्लगवर तीन मोजमापं घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ.

सगळं ठीक असेल तर पहिली दोन 230च्या आसपास येतील आणि तिसरं दोन-तीन व्होल्टपर्यंत.

फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे असं अधांतरी आलं, तर अर्थची तार तुटलेली आहे किंवा कधी जोडलीच नव्हती.

आणखी एक. न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. घरात इस्त्री किंवा गिझर चालू करून पुन्हा मोजा. लोड आला की न्यूट्रलवर थोडा व्होल्टेज चढायलाच हवा. तेव्हाही शून्यच राहिला तर कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकलेत. हा जुगाड मी जुन्या इमारतींत बघितला आहे आणि तो फार घातक आहे. न्यूट्रल कुठे सुटला तर घरातली प्रत्येक पत्र्याची वस्तू जिवंत होते.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धत आहे, ती करू नका. अर्थ तुटलेला असेल तर बल्बमधून येणारी फेज त्या बोर्डावरच्या सगळ्या पेट्यांच्या पत्र्यावर येईल.

बिनतारी
झिणझिण्यांचं कारण थोडं उलगडून सांगतो. सोलापुरात रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीत आयुष्य गेलं.

हल्लीच्या चार्जरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थकडे छोटे कपॅसिटर टाकलेले असतात, चार्जरचा स्वतःचा गोंगाट शोषायला. अर्थ जोडलेला असेल तर त्यांच्यातला बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर ते दोन कपॅसिटर मधोमध व्होल्टेज वाटून घेतात आणि लॅपटॉपचा पत्रा 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अर्ध्या मिलीअँपिअरच्या आतबाहेर असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. हात लावला की पेटीला तुमच्या अंगातून जमिनीकडे वाट मिळते, म्हणून आवाज उतरतो. हात लावल्यावर आवाज उतरणे ही अर्थ नसल्याची किंवा शील्ड (केबलमधलं तारांचं जाळीदार वेष्टण) तुटल्याची जुनी खूण आहे.

सुरपेटी
मोजलं. फेज-न्यूट्रल 232, फेज-अर्थ 121, न्यूट्रल-अर्थ 109. स्पीकरच्या प्लगवरही तसंच. स्वयंपाकघरात मात्र सगळं व्यवस्थित, 232, 231 आणि दीडच्या आसपास.

अर्थिंगवाले_काका
मग इमारतीचा अर्थिंगचा खड्डा ठीक आहे, त्या खोलीकडे जाणारी हिरवी तार कुठेतरी सुटली आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. खोलीचा मुख्य स्विचबोर्ड आणि त्याआधीचा जंक्शन बॉक्स उघडायला सांगा. आलेच आहेत तर डीबीमध्ये (घराचा मुख्य वीजबोर्ड) 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हेही बघून घ्या.

शिवार
धागा उत्तम चाललाय, वाचनखूण साठवली. आमच्या गावाकडच्यांसाठी एक भर घालतो. लातूरकडे लोडशेडिंगला घर इन्व्हर्टरवर जातं आणि त्या क्षणी स्पीकरमध्ये झर्रर्र सुरू होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याला अर्थिंगचा इलाज नाही. त्या लाटेत 150, 250, 350 असे विषम पटीतले स्वर ठासून भरलेले असतात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्यावर आमच्याकडे फरक पडला. आणि जमिनीत अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही आणि चैत्र-वैशाखात अर्थ कमजोर होतो.

सुरपेटी
इलेक्ट्रिशियन येऊन गेले. जंक्शन बॉक्समध्ये हिरवी तार टेप गुंडाळून नुसती मागे सारलेली होती, जोडलेली नव्हती. आता दोन्ही प्लगवर आकडे बरोबर येतात, आरसीसीबी आहे आणि टेस्टला पडतो. झिणझिण्या पूर्ण बंद. झर्रर्र बराचसा गेला.

पण घूंऽऽ वाढला! हे कसं काय?

खरज
हे व्हायचंच होतं, आणि घाबरायचं कारण नाही. इथेच बरेच लोक 'अर्थ जोडल्यामुळे आवाज आला' म्हणून तार पुन्हा काढून ठेवतात. तुमच्या जंक्शन बॉक्समधली तार अशीच कुणीतरी मागे सारली असेल तर मला नवल वाटणार नाही.

झालंय असं. लॅपटॉपला अर्थ मिळतो टेबलाजवळच्या बोर्डातून. स्पीकरला मिळतो समोरच्या भिंतीतून. आणि इंटरफेसकडून स्पीकरकडे जाणारी तुमची ऑडिओ केबल ह्या दोघांना तिसऱ्या वाटेने जोडते. म्हणजे तारेचं मोठं कडं तयार झालं, खोलीला वळसा घालणारं. दोन प्लगांच्या अर्थमध्ये काही मिलीव्होल्टांचा फरक असतोच, शिवाय आसपासच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र त्या कड्यातून जातं. करंट फिरू लागतो, तो केबलच्या शील्डमधून जातो आणि 50 हर्ट्झचा घूं होऊन ऐकू येतो. ह्यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोन प्रश्न. एक, घूं फक्त स्पीकरमध्ये येतो की रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्येही? हेडफोन इंटरफेसला लावून ऐका. दोन, स्पीकरच्या केबलच्या टोकाला किती काळ्या रेघा आहेत?

सुरपेटी
हेडफोनवर माइकचा ट्रॅक स्वच्छ! घूं फक्त स्पीकरमध्ये. कीबोर्डची केबल लावली तर मात्र फाइलमध्येही थोडा येतो. स्पीकरच्या केबलला एकच काळी रेघ.

खरज
एक रेघ म्हणजे मोनो, अनबॅलन्स्ड. तिच्यात शील्डच सिग्नलचा परतीचा रस्ता आहे, त्यामुळे शील्डमधला घूं गाण्यातच मिसळतो. दोन रेघांची टीआरएस केबल घ्या. स्पीकरला एक्सएलआर (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं गोल) इनपुट असेल तर टीआरएस ते एक्सएलआर. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो, वाटेत शिरलेला घूं दोन्ही तारांवर सारखाच असतो, आणि पलीकडचा इनपुट फक्त दोन तारांमधला फरक उचलतो. शील्डमधून करंट फिरत राहिला तरी तो कानापर्यंत येत नाही. इंटरफेसचं मागचं आउटपुट आणि स्पीकरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड हवीत, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आजच्या आज करायचं म्हणाल तर स्पीकरचा प्लगही टेबलाजवळच्या बोर्डावरच आणा. कडं लहान होतं. एवढ्या सामानाला विजेचा लोड किरकोळ आहे, एक बोर्ड पुरतो. त्यावर इस्त्री नको, एवढंच.

अर्थिंगवाले_काका
बोर्ड आयएसआय मार्कचा, जाड वायरचा, आणि त्याच्या आत अर्थ खरोखर जोडलेला आहे का ते मीटरने तपासूनच. स्वस्तातल्या बोर्डांत तीन भोकं असतात आणि आत वायर दोनच.

पनवेलचा_गिटारी
हे पटलं. मीही आज घरचा प्लग मोजला, माझा अर्थ चालू आहे. अडॅप्टर काढून टाकला. आता गिटारला थोडा घूं राहतो, तो मात्र मी ज्या दिशेला तोंड करून बसतो त्यावर कमीजास्त होतो. कॉम्प्युटरकडे पाठ केली तर जवळपास जातो.

बिनतारी
सिंगल कॉइल पिकअप असणार. ती तारेची गुंडाळीच आहे, आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ती सरळ उचलते. हा लूप नाही. बसायची जागा बदला, अडॅप्टर लांब ठेवा. हंबकिंग पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या उलट जोडलेल्या असतात, तिथे हा त्रास बराच कमी होतो.

ताई, कीबोर्डचं पाहू. त्याचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल ना? अडॅप्टर काढून पेन्सिल सेलवर वाजवा. सेलवर आवाज स्वच्छ आला तर दोष अडॅप्टरचा. त्याचा गळती करंट कीबोर्डच्या केबलच्या शील्डमधून इंटरफेसकडे जातोय.

सुरपेटी
सेलवर एकदम शांत! आणि स्पीकर बोर्डावर आणल्यावर घूं कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. टीआरएस केबल मागवल्या आहेत. पण कीबोर्ड कायम सेलवर परवडणार नाही.

खरज
पॅसिव्ह डीआय बॉक्स घ्या. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तारेची सलग जोडणी राहत नाही. कीबोर्ड डीआयमध्ये, डीआयमधून एक्सएलआर केबल इंटरफेसच्या माइक इनपुटला. त्यावर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दोन्ही बाजूंनी करून बघा. तो फक्त ऑडिओ केबलची शील्ड सोडवतो, विजेचा अर्थ नाही, म्हणून बिनधास्त वापरा.

उत्तररात्र
मी न्यू जर्सीत राहतो, इथे वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. लिहायचं कारण असं की आवाज साफ करणाऱ्या बऱ्याच प्लगइनमध्ये आधीपासून 60 भरलेलं असतं. भारतातल्या रेकॉर्डिंगला ते 50 करून घ्या, नाहीतर घूं तसाच राहतो आणि गाण्यातले भलतेच स्वर कापले जातात. माझा चुलतभाऊ पुण्याहून ट्रॅक पाठवतो, त्याचे मी नेहमी 50वर करतो.

इथल्या घरातला माझा त्रास वेगळा होता. माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक चिरचिर. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब.

बिनतारी
तो लॅपटॉपच्या आतला गोंगाट, यूएसबीच्या ग्राउंडमधून येणारा. कधी ठरावीक शिट्टीही ऐकू येते, 1 किंवा 8 किलोहर्ट्झला, कारण यूएसबीचा डेटा मिलीसेकंदाच्या किंवा त्याच्या आठव्या हिश्शाच्या तालावर जातो. वेगळ्या पोर्टमध्ये लावून बघा, बॅलन्स्ड केबल वापरा. तरी राहिला तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, पण तो हाय-स्पीडचा आहे ना हे बघूनच घ्या. स्वस्तातले बरेचसे 12 मेगाबिटवर थांबतात, हाय-स्पीड इंटरफेस त्यावर नीट चालत नाही.

सुरपेटी
केबल आणि डीआय दोन्ही आले. स्पीकर शांत, कीबोर्ड शांत. पण काल संध्याकाळी झर्रर्र पुन्हा ऐकू आला, हलका, माइकच्या ट्रॅकवर. दुपारी नव्हता.

बिनतारी
संध्याकाळी घरात काय वेगळं चालू होतं? पंखा, एलईडी माळ, डासांची बॅट चार्जिंगला, सगळं सांगा.

सुरपेटी
पंखा! आमच्या खोलीतला बंद होता, शेजारच्या खोलीत आत्या झोपली होती, तिकडे मंद लावला होता. आत्ता जाऊन पाहिलं. रेग्युलेटर पूर्ण वर नेला की झर्रर्र जातो, मंद केला की येतो.

बिनतारी
गोल फिरवायचा, टप्पे नसलेला रेग्युलेटर असणार. त्यात ट्रायक असतो. तो विजेची प्रत्येक लाट मध्येच कापून सोडतो, सेकंदाला 100 वेळा. कापलेल्या कडेमुळे वरपर्यंत पसरलेला गोंगाट तयार होतो आणि घरभर वायरिंगमधून फिरतो. टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. तो लाट कापत नाही. आणि माइकची केबल त्या भिंतीतल्या वायरिंगला समांतर टाकली असेल तर हलवा. विजेची तार ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

बॅलन्स्ड माइक केबलमध्ये एवढं शिरायला नको खरं तर. एक्सएलआरचं टोक उघडून एक नंबरच्या पिनेचा टाका बघा. शील्ड तिथे जोडलेली असते. टाका थंडा असेल, म्हणजे सोल्डर नीट धरलेलं नसेल, तर केबल वरून धडधाकट दिसते, पण शील्ड नसल्यासारखी वागते.

सुरपेटी
केबल बदलली आणि झर्रर्र गेला, पंखा मंद असतानाही! जुन्या केबलचं टोक यजमानांनी उघडलं तर एक नंबरची तार नुसती टेकलेली होती, ओढल्यावर हातात आली. रेग्युलेटरही बदलून घेते.

आता शेवटचा प्रश्न. हे सगळं दुरुस्त व्हायच्या आधी आत्याची एक ओवी रेकॉर्ड झाली आहे. तिला ती अचानक आठवली होती. नंतर पुन्हा म्हणायला सांगितली तर चाल तीच आली, पण दोन ओळी वेगळ्या आल्या. ती पहिली फाइल मला हवी आहे, आणि तिच्यात घूं आहे. काढता येईल का?

खरज
येईल, बेताने. मूळ फाइलला हात लावू नका, ती वेगळी जपून ठेवा आणि प्रतीवर काम करा.

आधी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम काढून आत्याबाईंचा सर्वांत खालचा स्वर कुठे आहे ते बघा. तो 170च्या वर असेल तर 120ला हाय-पास (त्याखालचे स्वर गाळणारा फिल्टर) लावा. 50 आणि 100 दोन्ही त्यातच उतरतात, गळ्याला धक्का लागत नाही. मग 150, 250 आणि 350ला अरुंद नॉच (तेवढाच स्वर कापणारी खाच), क्यू म्हणजे खाचेच्या अरुंदपणाचा आकडा 30च्या आसपास.

200ला मात्र नॉच लावू नका. त्यांचा षड्ज पांढरी पाचचा असेल तर तो 196वर आहे, आणि क्यू 30ची खाच 200च्या दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन हर्ट्झ पसरते. मींडीत स्वर जरा चढला की त्यालाच लागेल. तिथला घूं राहू द्या, गळा चालू असताना तो ऐकू येत नाही. ओळींच्या मधल्या शांततेत खटकला तर फक्त तेवढ्या जागा हलक्या करा.

500च्या वर नॉच लावत बसण्यात अर्थ नाही.   वरच्या झर्ररसाठी नॉइज रिडक्शन वापरा, पाच-सहा डेसिबलपेक्षा जास्त नको. नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

सुरपेटी
खाली जातं फिरतंय त्या फाइलमध्ये! आत्याला जात्याशिवाय ओवी येत नाही म्हणून गावाहून तिचं जातं आणलंय.

खरज
मग 120चा हाय-पास नको. जात्याची घरघर तिथेच, खाली आहे, ती गेली तर ओवीचा ताल जाईल. 50 आणि 100लाही नॉचच लावा आणि बाकी तसंच ठेवा.

उरलेल्या ओव्या लॅपटॉप बॅटरीवर घेऊन करा. इंटरफेस आणि माइकचे 48 व्होल्ट दोन्ही यूएसबीवरच चालतात, भिंतीशी संबंधच राहत नाही. स्पीकर बंद, ऐकायला हेडफोन, पंखे बंद, फोन एअरप्लेन मोडवर, कारण टूजीवर गेलेला फोन माइकजवळ टिर्र-टिर्र करतो. माइक आत्याबाईंच्या तोंडापासून हात-दीड हात लांब, जात्याच्या खुंट्याच्या वर, तोंडाकडे वळवलेला. जात्याखाली जाड गोधडी घाला आणि माइकचा स्टँड त्या गोधडीवर ठेवू नका.